हजेरीची पेटी

ट्रकमध्ये पेट्या चढवायचा एक क्रम आहे आणि तो मी कुणाला मोडू देत नाही. पत्र्याच्या अकरा पेट्या, प्रत्येकीच्या झाकणावर ऑइलपेंटनं नाव. 'गवळण' सगळ्यात शेवटी चढते, कारण पुढच्या गावी तिला सगळ्यात आधी उतरायचं असतं. 'वग' तिच्या आतल्या बाजूला. 'हजेरी' मात्र केबिनमध्ये, माझ्या पायाशी.

ट्रक आमचे हे चालवतात. तमाशाच्या फडावर ते आधीपासून होते. मी शिरूर तालुक्यातल्या वडगाव रासाईची सून. भीमेच्या काठाला घर, चहूकडं ऊस, आणि ओटीवर माझं शिलाई मशीन. गावातल्या बायकांची झंपरं शिवायची. एका दसऱ्याला फडाचा शिंपी आला नाही, म्हणून महिनाभरासाठी गेले. त्याला आता एकोणीस हंगाम झाले. फडावर यांना मामा म्हणतात, म्हणून मी मामी.

आमच्याकडून भीमा ओलांडली की दौंड तालुका. तिथं पुणे-सोलापूर रस्त्यावर चौफुल्याची कला केंद्रं आहेत. तिथली संगीतबारी वेगळी. रसिक तिथं चालून जातो. आमचा ढोलकीफड. आम्ही रसिकाच्या गावी जातो. दसऱ्याला निघायचं आणि बुद्धपौर्णिमेच्या आसपास परतायचं. आधी तंबू ठोकून तिकिटाचे खेळ, मग चैत्र-वैशाखात गावोगावच्या यात्रांच्या सुपाऱ्या. पाडव्याच्या सुमारास नारायणगावात फडांच्या राहुट्या लागतात, यात्रा कमिट्यांची माणसं येऊन तारखा पक्क्या करतात. मालक डायरीत तारीख लिहितात आणि मी मनात हिशोब करते: या गावाहून त्या गावाला पोचेपर्यंत घामाचे कपडे वाळतील का?

खेळाची चाल जुनीच आहे. गण, गवळण, बतावणी, मग रंगबाजी आणि शेवटी वग. गण संपतो तेव्हा मुली गवळणीच्या वेशात तयार असाव्या लागतात. गवळण संपली की सोंगाड्या बतावणीला उभा राहतो आणि माझं खरं काम सुरू होतं. कनातीमागं सात-आठ मुली एका वेळी कपडे बदलत असतात. एकीचा आकडा अडकलेला, दुसरीची वेणी पिनेत गुंतलेली. बाहेर हशा पिकतो त्यावरून मला कळतं, बतावणी कुठवर आली ते. एकोणीस वर्षांत ती मी समोर बसून एकदाही पाहिलेली नाही. पाठ मात्र आहे.

तमाशाचा कपडा दोन धनी सांभाळतो. एक धनी शेवटच्या रांगेत, घोंगडी पांघरून बसलेला. त्याला काठ दिसला पाहिजे, टिकली चमकली पाहिजे. दुसरी धनीण अंगात घालणारी. तिला श्वास घेता आला पाहिजे, बैठक मारता आली पाहिजे, गिरकीत काही सुटता कामा नये. या दोघांचं जमत नाही. लांबून उठून दिसणारी जर अंगाला टोचते. अंगाला सुखाचं सुती कापड लांबून मळकट दिसतं. म्हणून जर बाहेर आणि आत मऊ मलमलीचं अस्तर. बगलेत चौकोनी कळी घालते, म्हणजे हात वर गेला तरी झंपर कमरेवरून उचललं जात नाही. साधा सुती दोरा घामानं कुजतो, म्हणून तिथली शिवण नायलॉनच्या दोऱ्यानं, दुहेरी.

नऊवारी म्हणजे नऊ वार, सत्तावीस फूट कापड. हल्ली शिवलेली नऊवारी मिळते, पायजम्यासारखी चढवायची. पटकन बदलायला ती बरी आणि रंगबाजीला मीही तीच देते. पण खड्या लावणीला मी नेसवलेलीच देते, मग कुणी कितीही घाई करो. शिवलेला काष्टा बैठकीत ताणला की उसवतो. त्याला एकच शिवण, तिच्यावर सगळा भार. नेसलेला काष्टा ताण वाटून घेतो, देहाबरोबर सरकतो. पायांत चाळ बांधलेले, त्यांचं ओझं वेगळं. ती मुलगी निर्धास्त नाचली पाहिजे.

उजेड बदलला तशी कापडाची पारखही बदलावी लागली. जुन्या माणसांनी गॅसबत्तीसाठी कपडे निवडले, मी आले तेव्हा पिवळे हॅलोजन होते. त्या उजेडात लाल रंग पेटायचा, गडद निळा काळा पडायचा. आता रंगीत एलईडी. मुलीला हिरवीगार साडी नेसवून पाठवली आणि वरून लाल झोत पडला, की तीच साडी काळी दिसते. लाल साडी लाल झोतात फिकट होते. हे मला कुणी शिकवलं नव्हतं. आता पुण्यात रविवार पेठेत, बोहरी आळीत लेस घ्यायला गेले की मोबाइलच्या टॉर्चवर लाल जिलेटिनचा तुकडा धरून बघते. दुकानदाराला आता त्याची सवय झालीय.

वगाची पेटी सगळ्यात जड. राजाचा अंगरखा, सुरवार, शेला, मंदिल, शिपायांचे कमरपट्टे. जरीचं कापड धुवायचं नसतं. खेळ संपला की उलटं करायचं, बगला ओल्या फडक्यानं पुसायच्या आणि सावलीत वाऱ्यावर टाकायचं. उन्हात जर काळवंडते. घडीत कडुलिंबाचा पाला. इस्त्री कोळशाची, कारण जनरेटर संध्याकाळीच लागतो.

आणि हजेरी. यात्रेत रात्रीचा तमाशा पहाटे संपतो. सकाळी गावासमोर पुन्हा उभं राहायचं, ती हजेरी. त्यानंतर दुपारी कुस्त्या. रात्रीचे कपडे तोवर ओलेच असतात, म्हणून ही निराळी पेटी. सकाळच्या उन्हात प्रत्येक ठिगळ दिसतं, माणसं दहा फुटांवर बसलेली असतात. त्यामुळं हजेरीच्या साड्या साध्या पण नव्या लागतात. रात्रभर नाचलेल्या मुली डोळे मिटून उभ्या राहतात आणि मी नेसवते.

विठाबाई नारायणगावकरांची गोष्ट सगळ्यांना ठाऊक आहे. भर तमाशात कळा सुरू झाल्या, कनातीमागं बाळंत झाल्या, दगडानं नाळ तोडली आणि पुन्हा बोर्डावर गेल्या. 1935 साली जन्मलेल्या या बाईला राष्ट्रपतींचा सन्मान मिळाला, आणि 2002 मध्ये त्या गेल्यावर राज्य सरकारनं त्यांच्या नावानं जीवनगौरव पुरस्कार सुरू केला. लोक त्यांच्या धैर्याबद्दल बोलतात, ते खरंच आहे. मला मात्र ही गोष्ट ऐकली की दरवेळी वाटतं, त्यांना पुन्हा लुगडं नेसवताना कुणी हात लावला असेल का? निरी किती सैल ठेवली असेल? त्याही आधी, पठ्ठे बापूरावांच्या फडात गाजलेली संगमनेरकडच्या हिवरगावची पवळा तमाशात उभी राहिली, तोवर बाईचं लुगडं बहुतेक नाच्या पोऱ्याच नेसत होता. आमच्या गवळणीतली मावशी अजूनही पुरुषच असतो. त्याचा पदर खांद्याला तीन पिनांनी जखडावा लागतो, कारण तो पदर सावरण्याचा अभिनय करतो, खरा सावरत नाही.

2020 च्या मार्चमध्ये सुपाऱ्या ठरलेल्या असतानाच टाळेबंदी लागली. दोन हंगाम बुडाले. अकरा पेट्या आमच्या पडवीत होत्या. पावसाळ्यात अस्तरांना बुरशी आली, शेल्याची एक कड उंदरांनी नेली. मी जुन्या सुती परकरांचे मास्क शिवून गावात दिले. फडातल्या मुली फोन करायच्या. कामाचं बोलून झालं की हमखास विचारायच्या, "मामी, माझं जांभळं झंपर नीट आहे ना?" त्या झंपरासाठी मी रोज पेटी उघडून बसत होते.

आता ज्येष्ठ लागलाय. पेट्या ओटीवर उघड्या आहेत आणि मी एकेक झंपर उसवून बघतेय. फडातलं झंपर एकीचं नसतं. एक गेली की दुसरीच्या मापाचं करायचं. एका हिरव्या झंपरात शिवणीच्या पाच रेघा सापडल्या. पांढरा दोरा, पिवळा, दोन हिरवे आणि एक काळा. काळा घाईत घातलेला, तो मला आठवतो. पाचही मुलींची नावं मी सांगू शकते.

परवा नवी मुलगी माप द्यायला आली. सोळा किलोमीटर मोटरसायकलवर, भावाच्या मागं बसून. अंगानं काडी. टेप छातीभोवती धरला तर म्हणाली, "मामी, घट्टच शिवा, म्हणजे नाचताना बरं." मी होय म्हटलं. ती गेल्यावर कापड बेतलं आणि दोन्ही बाजूंना दीड-दीड इंच माया आत दुमडून ठेवली.