जुळणीला तिसरी फाइल लागते

वर्डप्रेसची झिप फाइल उघडली की आत ‘डब्ल्यूपी-कॉन्फिग-सॅम्पल’ नावाची एक पीएचपी फाइल मिळते. डेटाबेसचं नाव, युजरनेम, पासवर्ड यांच्या जागा तिच्यात मांडून ठेवलेल्या असतात. खाली आठ गुप्त किल्ल्यांच्या आठ ओळी, आणि आठही ठिकाणी ‘इथे तुमचं वेगळं वाक्य लिहा’ अशा अर्थाचा तोच तो इंग्रजी मजकूर. या फाइलची प्रत काढायची, नावातलं ‘सॅम्पल’ खोडायचं आणि खरी माहिती भरायची. संकेतस्थळ चालतं ते या दुसऱ्या फाइलवर.

नमुना आणि चालू फाइल अशा जोड्या प्रोग्रॅमिंगच्या जगात पावलोपावली आहेत. लाराव्हेलमध्ये ‘डॉट एन्व्ह डॉट एक्झाम्पल’ असतो आणि त्याच्यावरून ‘डॉट एन्व्ह’ तयार होतो. पीएचपीसोबत तर दोन नमुने येतात, एक डेव्हलपमेंटसाठी आणि एक प्रॉडक्शनसाठी. पहिल्यात चुकांचे संदेश स्क्रीनवर दाखवायचे असतात, दुसऱ्यात लपवायचे. यातला एकही नमुना न उचलता पीएचपी चालवली तर ती अंगभूत सेटिंगवर चालते, आणि त्या सेटिंगमध्ये संदेश दाखवणं चालूच असतं. मग एखादी चूक झाली की सर्व्हरवरचे फोल्डरचे पत्ते येणाऱ्याजाणाऱ्याला वाचायला मिळतात.

दोन फाइली ठेवण्याचं कारण साधं आहे. पासवर्ड गिटमध्ये जाता कामा नये. म्हणून चालू फाइल गिटच्या दुर्लक्ष-यादीत टाकतात आणि फक्त नमुना सगळ्यांना मिळतो. अडचणही इथूनच सुरू होते. कोड बदलला की त्यासोबत नमुना बदलतो, पण प्रत्येकाच्या मशीनवरची चालू फाइल प्रत काढली त्या दिवशी होती तशीच राहते.

समजा, पेमेंटसाठी किती सेकंद थांबायचं हे सांगणारी एक नवी ओळ नमुन्यात आली. तुम्ही नवा कोड घेतला, चालू फाइलला मात्र हात लावला नाही. पायथॉनमध्ये ही किंमत थेट चौकटी कंसात मागितली असेल तर प्रोग्रॅम तिथेच ‘की-एरर’ देऊन थांबतो. ‘गेटएन्व्ह’ वापरलं असेल तर तो मुकाट्याने ‘नन’ हातात ठेवतो, आणि त्या ‘नन’चा फटका कितीतरी ओळी पुढे, भलत्याच ठिकाणी बसतो. मला पहिली तऱ्हा हजार पटींनी बरी वाटते. अडखळायचं तर दारातच अडखळावं.

यावर उपाय म्हणजे प्रोग्रॅम सुरू होण्याआधीच दोन्ही फाइली ताडून पाहायच्या. त्या कशा ताडायच्या, हे मात्र दिसतं तितकं सोपं नाही. १९७४ साली युनिक्सच्या पाचव्या आवृत्तीत ‘डिफ’ ही आज्ञा आली. बेल लॅब्जच्या डग्लस मॅकिलरॉय यांनी जेम्स हंट यांच्यासह तिच्यामागची पद्धत १९७६ साली मांडली. दोन फाइलींमध्ये त्याच क्रमाने येणाऱ्या समान ओळींची सर्वांत लांब साखळी शोधायची. साखळीबाहेर राहील तो फरक. पण आपल्या जोडीत किमती वेगळ्या असणं हेच अपेक्षित आहे. डिफ लावलं तर जवळपास प्रत्येक ओळ फरक म्हणून पुढे येईल. इथे ओळींऐवजी डावीकडची नावं वेगळी काढून त्यांचे दोन संच ताडावे लागतात. त्यातही काही ठिकाणी क्रमाला अर्थ असतो. एसएसएचच्या सर्व्हर-फाइलमध्ये एकच सेटिंग दोनदा लिहिलं तर साधारणपणे पहिलं धरलं जातं. शेवटचं धरणाऱ्या प्रणालीही आहेत. ताडणाऱ्याला त्या फाइलचे नियम ठाऊक असावेच लागतात.

हे सगळं जमवलं तरी एक प्रश्न उरतो. नमुन्यात एक नाव आहे आणि चालू फाइलमध्ये नाही. ते नमुन्यात नव्याने आलं, की तुम्ही ते विचारपूर्वक काढून टाकलं? दोनच फाइली समोर असतील तर याचं उत्तर मिळू शकत नाही. प्रोग्रॅम कितीही हुशार असू द्या, ती माहिती त्या दोन फाइलींमध्ये नसतेच. त्यासाठी तिसरी फाइल लागते: प्रत काढली तेव्हाचा नमुना.

डेबियन लिनक्समधल्या ‘डीपीकेजी’ने हे फार चांगलं ओळखलं आहे. पॅकेज बसवताना सोबत आलेल्या प्रत्येक कॉन्फिग फाइलचा एमडी-फाइव्ह ठसा तो नोंदवून ठेवतो. नवी आवृत्ती आली की जुना ठसा, चालू फाइलचा ठसा आणि नव्या फाइलचा ठसा असे तीन ताडतो. तुम्ही काही बदललं नसेल तर नवी फाइल गुपचूप बसते. पॅकेजवाल्यांनी काही बदललं नसेल तर तुमची राहते. दोघांनीही बदललं असेल तेव्हाच तो थांबून विचारतो, आणि नुसतं एंटर दाबलं तर तुमची फाइल जपतो. नवी फाइल शेजारी ‘डीपीकेजी-डिस्ट’ या शेपटीसह ठेवून देतो.

पण ठशावरून बदल झाला एवढंच कळतं; नेमकं काय बदललं ते कळत नाही, कारण ३२ आकडे-अक्षरांतून मूळ मजकूर परत काढता येत नाही. म्हणून डेबियनमध्येच ‘यूसीएफ’ हे वेगळं साधन आहे. ते जुन्या नमुन्याची अख्खी प्रत ठेवू शकतं आणि त्या बळावर तिन्ही मजकूर एकत्र गुंफायचा पर्याय देतं: तुमचे बदलही राहतात, नवेही येतात.

‘डॉट एन्व्ह’ वापरणाऱ्यांकडे तर हा जुना नमुना आयताच असतो. तो गिटच्या इतिहासात सुरक्षित पडलेला आहे. नोंद राहत नाही ती फक्त कोणत्या कमिटवरची प्रत काढली याची. चालू फाइलच्या डोक्यावर कॉमेंट म्हणून तो कमिट क्रमांक लिहिला, आणि नवे बदल उतरवून घेताना दर वेळी बदलला, तर ताडणाऱ्या स्क्रिप्टला तिसरी फाइल मिळते.