प्रत्येक सोसायटीत 202

बदलापूर पश्चिमेला हेंद्रेपाड्यात कुरिअरवाल्याला नुसतं 'फ्लॅट नंबर 202' सांगून पाहा. तो तुमच्याकडे बघतच राहील. 202 तर इथल्या सोसायटी-सोसायटीत आहे. दार कुठलं ते सोसायटीच्या नावावरून कळतं. क्लाऊडमधलं आभासी नेटवर्कही याच साध्या युक्तीवर चालतं.

मायक्रोसॉफ्टची क्लाऊड केंद्रं पुण्या-मुंबईत 2015 साली सुरू झाली. मुंबईत 2016 साली ॲमेझॉन आणि 2017 साली गूगल आले. अशा केंद्रातल्या एकाच सर्व्हरवर एखाद्या बँकेचं काम आणि अंबरनाथच्या एखाद्या कारखान्याचा हिशेब शेजारी-शेजारी चालू शकतो. दोघांनीही आपापल्या मशीनला 10.0.0.5 हाच पत्ता दिलेला असू शकतो. त्यात गैर काही नाही. 10ने सुरू होणारे पत्ते खासगी नेटवर्कसाठी राखीवच आहेत, ते कुणीही वापरावेत. मग टपाल चुकत कसं नाही?

पाकिटात पाकीट घालून! कारखान्याच्या मशीनने पाठवलेलं पॅकेट सर्व्हरबाहेर पडण्याआधी एक सॉफ्टवेअर ते दुसऱ्या पाकिटात भरतं. वरच्या पाकिटावर पलीकडच्या खऱ्या सर्व्हरचा पत्ता आणि ग्राहकाच्या नेटवर्कचा क्रमांक असतो. हा क्रमांक म्हणजेच सोसायटीचं नाव. वाटेतले स्विच वरचा पत्ता वाचून पाकीट पुढे ढकलतात, आत काय आहे ते बघत नाहीत. पलीकडे पाकीट फोडलं जातं, आणि दोन्ही मशीन आपण एकाच खोलीत आहोत अशा समजुतीत राहतात.

जुन्या व्हीलॅन पद्धतीत या क्रमांकाला 12 बिट होते, म्हणजे जेमतेम 4096 'सोसायट्या'. 2014 साली प्रसिद्ध झालेल्या व्हीएक्सलॅनमध्ये 24 बिट आहेत. त्यात 1 कोटी 67 लाखांहून जास्त मावतात. बड्या कंपन्यांची पाकिटं थोडी वेगळी, पण तत्त्व तेच. किंमतही मोजावी लागते: व्हीएक्सलॅनमध्ये दर पॅकेटमागे साधारण 50 बाइटचं ओझं वाढतं.

राहिला फाटकावरचा वॉचमन, म्हणजे सिक्युरिटी ग्रुप. आतून गेलेल्या निरोपाचं उत्तर आलं, की तो ओळखतो आणि पुन्हा चौकशी न करता आत सोडतो. आपल्याकडच्या वॉचमनपेक्षा त्याची स्मरणशक्ती बरीच बरी म्हणायची. पण अक्कल त्याला नाही. नियमात 0.0.0.0/0 लिहिलं, तर अर्थ होतो 'जगातलं कुणीही या'. चाचणीच्या घाईत ही ओळ लिहिली जाते आणि काढायची राहते. तुमच्या ऑफिसचा डेटाबेस क्लाऊडवर असेल, तर त्याच्या फाटकावर ती ओळ नाही ना, हे आजच विचारून घ्या.