गच्चीवरची वीज

वैशाखातील एक दुपार डोळ्यांपुढे आणा. आकाश निरभ्र आहे, ऊन रणरणते आहे आणि एवढ्यात साऱ्या आळीची वीज जाते. ज्या घराच्या गच्चीवर सौर पॅनेल बसविलेले आहेत, त्या घरातील पंखाही त्याच क्षणी थांबतो. डोक्यावर सूर्य तळपत असताना सूर्याच्या विजेवर चालणारा पंखा का थांबावा, असा प्रश्न तुम्हांस पडेल. पॅनेल बिघडले असतील, असे कोणी म्हणेल. पण तसे नाही. तो पंखा थांबतो तो बिघाडामुळे नव्हे, तर एका माणसाचा जीव वाचावा म्हणून. ते कसे, हे आता आपण पाहू.

सौर पॅनेलमध्ये सिलिकॉन या पदार्थाच्या पातळ चकत्या असतात. त्यांवर सूर्यप्रकाश पडला की वीज उत्पन्न होते. व्यवहारात उपयोगी पडेल असा सिलिकॉनचा सौरघट अमेरिकेतील बेल प्रयोगशाळेच्या शास्त्रज्ञांनी १९५४ साली प्रथम करून दाखविला. आज एक किलोवॅट शक्तीचे पॅनेल आपल्याकडील स्वच्छ उन्हात दिवसाकाठी सुमारे चार युनिट वीज देतात. मात्र ही वीज एकाच दिशेने वाहते. खांबावरून आपल्या घरी येणारी वीज तशी नसते. ती एका सेकंदात पन्नास वेळा पुढे-मागे हेलकावे खाते. म्हणून पॅनेलची वीज आधी या रूपात आणावी लागते. ते काम इन्व्हर्टर नावाचे यंत्र करते.

परंतु नुसते रूप बदलून भागत नाही. तुम्ही शाळेत लेझीम खेळला असाल. खेळ रंगात आला असताना एखाद्या मुलास त्यात शिरावयाचे असेल, तर तो आधी हलगीचा ठेका ऐकतो, पाऊल जुळवितो आणि मगच रांगेत उभा राहतो. विजेचेही असेच आहे. लहानमोठी वीजकेंद्रे आणि त्यांना जोडणाऱ्या वाहिन्या मिळून देशभर एक जाळे पसरलेले आहे. ३१ डिसेंबर २०१३ रोजी रायचूर ते सोलापूर ही वाहिनी सुरू झाली, तेव्हा दक्षिणेकडील राज्यांचे जाळे उरलेल्या देशाच्या जाळ्याशी एका ठेक्यात जोडले गेले. गच्चीवरचा इन्व्हर्टर या जाळ्याचा ठेका अचूक हेरतो आणि त्याच्याशी आपल्या विजेचे हेलकावे जुळवून मगच ती तारेत सोडतो.

अशा रीतीने घर जोडले गेले म्हणजे देवघेव सुरू होते. दुपारी घरात माणसे कमी आणि ऊन भरपूर, अशा वेळी उरलेली वीज बाहेर जाते व शेजारच्या पिठाच्या गिरणीस किंवा शाळेतील पंख्यास उपयोगी पडते. रात्री मात्र घरास तारेतून वीज घ्यावी लागते. किती दिली आणि किती घेतली, याची नोंद नेट मीटर ठेवतो. शेजारणी एकमेकींकडून वाटीभर साखर उसनी नेतात आणि परत करतात, तशीच ही उसनवारी होय.

आता मूळ प्रश्नाकडे वळू. वीज जाते तेव्हा पुष्कळदा तार दुरुस्त करण्यासाठी वायरमन खांबावर चढलेला असतो. मुख्य वाहिनी त्याने बंद केलेली असते. अशा वेळी एखाद्या गच्चीवरून तारेत वीज येत राहिली तर काय होईल? आळीच्या कोपऱ्यावरील रोहित्र ११,००० व्होल्ट दाबाची वीज घरगुती दाबावर उतरविते. पण वीज उलट बाजूने शिरली, तर तेच रोहित्र घरचा २३० व्होल्टचा दाब ११,००० व्होल्टपर्यंत चढवू शकते. मृत समजून हात लावलेली तार त्या माणसाचा घात करील.

म्हणूनच हलगी थांबताच लेझीमही थांबावी, तसा जाळ्याचा ठेका थांबताच इन्व्हर्टर दोन सेकंदांच्या आत वीज देणे बंद करतो. जाळ्यात वीज परत आली, तरी तो लगेच धावत नाही. ठेका स्थिर झाल्याची खात्री करून घेतो आणि मगच पुन्हा जोडला जातो. याखेरीज वीज कंपनीच्या माणसास हाताने बंद करून कुलूप लावता येईल असा एक स्विचही ठेवावा लागतो. ज्यांना अशा वेळीही घरात वीज हवी असते, ते बॅटरी ठेवतात. पण तेव्हा घर आधी तारेपासून वेगळे केले जाते, म्हणजे बाहेर थेंबभरही वीज जात नाही.

फेब्रुवारी २०२४ मध्ये केंद्र सरकारने एक कोटी घरांवर सौर पॅनेल बसविण्याची योजना सुरू केली. पूर्वी वीज देणारी केंद्रे थोडी होती. आता घराघरांतून वीज दिली जाणार आहे. म्हणून परवानगी न घेता, तपासणी न करविता कोणी परस्पर जोडणी करू नये. पुढे कधी भर उन्हात सौर पॅनेल असलेल्या घरातील पंखा थांबलेला दिसला, तर त्रागा करू नका. कोठेतरी एका खांबावर कोणी आपल्यासाठी काम करीत असेल आणि त्यास सुखरूप खाली उतरता यावे, यासाठीच तो पंखा थांबला आहे, हे ध्यानात ठेवा.