चिमुकल्या गावाचे आयुर्मान

ब्रेस्लाऊ नगरातील १६८७ ते १६९१ या पाच वर्षांच्या जन्ममृत्यूंचे, कास्पार नॉयमान या धर्मोपदेशकाने संकलित केलेले दप्तर हाती येताच, धूमकेतूमुळे ज्याचे नाव आज सर्वतोमुखी आहे त्या एडमंड हॅलीने १६९३ मध्ये त्यावरून आयुष्यसारणी, म्हणजे कोणत्या वयापर्यंत किती जण हयात राहतात याचा तक्ता, सिद्ध केली. हे दप्तर त्याला सोयीचे ठरले, कारण लंडन व डब्लिन परस्थांच्या ओघाने फुगत असल्याने तेथील हिशेब त्याला भरवशाचा वाटत नव्हता. ब्रेस्लाऊत वर्षाला सरासरी १,२३८ जन्म, १,१७४ मृत्यू आणि लोकवस्ती अदमासे ३४ हजार; जन्मलेल्यांपैकी निम्मे सतरा वर्षांच्या आतच दगावत, असा निष्कर्ष त्याने काढला.

हेच दप्तर हजार वस्तीच्या एखाद्या खेड्याचे असते तर? तेथे वर्षाला सात मृत्यू अपेक्षित धरले, तरी कोणतीही साथ न येता एका वर्षी तीन आणि दुसऱ्या वर्षी अकरा माणसे जाऊ शकतात, कारण अशा मोजणीतील यदृच्छेचा चढउतार अपेक्षित संख्येच्या वर्गमुळाएवढा, क्वचित त्याच्या दुप्पटही, असतो. वीस जन्मांत एक अर्भक गेले की बालमृत्युदर हजारी पन्नास, न गेले तर शून्य. आणि तेवढ्यावरून एका अंमलदाराची वाहवा होते व दुसऱ्यावर ठपका येतो! याहून विलक्षण प्रकार सारणीच्या शेवटच्या ओळीत घडतो: पंच्याऐंशीच्या पुढील वृद्धांचे उर्वरित आयुष्य त्यांच्या मृत्युदराने एकास भागून काढावयाचे असल्यामुळे, त्या वयाचे कोणीच वर्षभरात वारले नाही तर भाजक शून्य होतो आणि गणित त्या म्हाताऱ्यांना अमरत्वाची सनद बहाल करते. शिवाय आपल्याकडे मृत्यू जेथे घडतो तेथेच त्याची नोंद होत असल्याने, जिल्ह्याच्या इस्पितळात गेलेला माणूस गावच्या दप्तरातून निसटतो, तो वेगळाच.

उपाय आहेत: अनेक वर्षांची बेरीज करणे, शेजारची गावे एकत्र धरणे, वयोमानाचा साचा मोठ्या लोकसंख्येकडून उसना घेणे, आणि जेथे दप्तरच नाही तेथे, लोकसंख्याशास्त्रज्ञ विल्यम ब्रास यांनी दाखविल्याप्रमाणे, मातांना मुले किती झाली व हयात किती एवढेच विचारून त्यावरून अनुमान बांधणे. डॉ. अभय व राणी बंग यांच्या ‘सर्च’ संस्थेने गडचिरोलीत १९९३ पासून नवजात मृत्यूंचा अभ्यास केला, तो एकाच गावात नव्हे, तर उपचाराच्या ३९ व तुलनेच्या ४७ गावांत. पहिल्या गटाचीच वस्ती सुमारे ३९ हजार, म्हणजे ब्रेस्लाऊहून काहीशी अधिक होती. म्हणून तेथे नवजात मृत्युदरात आढळलेली ६२ टक्क्यांची घट ग्राह्य ठरते.

गावनिहाय मृत्युदर छापणाऱ्या खात्यांनी दरासोबत मृत्यूंची मूळ संख्या आणि संभाव्य चुकीची मर्यादाही छापावी, आणि ती छापलेली नसेल तर वाचकांनी मागावी.