मक्याची हवा

“हवा किती लागली?” मराठवाड्याच्या मोंढ्यात हा प्रश्न कानावर आला, तर आभाळाकडे बघू नये. आडतीवर हवा म्हणजे दाण्यातलं पाणी. यंत्रात मूठभर मका टाकला की आकडा उमटतो आणि त्याप्रमाणे भाव उतरतो. सरकारी खरेदीत मक्याला १४ टक्क्यांची मर्यादा. घरात वर्षभर ठेवायचा, तर १२ च्या आत.

पाथरीच्या शिवारात कापूस, सोयाबीन, उसापुढे मका थोडाच. पण खरिपाचा मका काढणीला येतो, तो नेमका परतीच्या पावसात. दाण्याच्या बुडाशी काळा ठिपका दिसला म्हणजे दाणा भरला, वाळला नव्हे. तेव्हाही त्याचा जवळपास तिसरा हिस्सा पाणीच असतं. २५ टक्क्यांवर मळलेला एक क्विंटल मका १२ वर आणायचा, तर सुमारे १५ किलो पाणी उडावं लागतं. मोठी घागरभर! हे काम उन्हाइतकंच कोरड्या वाऱ्याचं. म्हणून ताडपत्रीवर थर पातळ हवा, दिवसातून अनेकदा पाय फिरवायला हवा आणि सांजेला झाकायला हवा. नाहीतर दिवसा गेलेलं पाणी दाणा रात्रीच्या दमट हवेतून परत ओढून घेतो.

यंत्र नसेल तर दाताखाली दाणा ‘कट्’ वाजतो का, हे बघतात. दुसरी युक्ती मिठाची: कोरड्या बाटलीत दाणे आणि कोरडं मीठ घालून हलवायचं. मीठ काचेला चिकटलं, तर ओलावा १५ च्या वर.

हा हट्ट उगाच नाही. १९७४ च्या अखेरीस राजस्थान-गुजरातच्या सीमाभागातल्या आदिवासी गावांत भिजून बुरसलेला मका खाऊन काविळीची साथ आली. शंभरावर माणसं दगावली. अ‍ॅस्परजिलस बुरशीचं अफ्लाटॉक्सिन हे विष भाकरी भाजल्यानेही पुरतं जात नाही.

बुरशी आवरली तरी सोंडकिडा उरतोच. त्याच्यावरचा इलाज आपल्या ज्वारीच्या पेवात होता. पेव खोदायचं गावठाणाच्या पांढरीत. काळी माती फुगते, भेगाळते, तिचा भरवसा नाही. आत कडबा, तोंडावर दगड, वर चिखलाचा लेप. कोंडलेल्या जागेत दाणे आणि किडे श्वास घेत राहतात, प्राणवायू घटत जातो. गंमत अशी, की किडा नुसता गुदमरत नाही, तहानेनं मरतो! कोरड्या धान्यात त्याला लागणारं बरंचसं पाणी त्याचं शरीर प्राणवायू वापरूनच तयार करतं. कॅमेरूनमधल्या चवळीसाठी अमेरिकेच्या पर्ड्यू विद्यापीठाने घडवलेल्या हवाबंद पिशव्यांचं तत्त्व हेच. मात्र त्यांत ओला मका भरला, तर तो आंबतो.

पेव एकदा उघडलं की वारा शिरला, मग सगळं धान्य काढावंच लागे. ‘पेव फुटणे’ ते हेच. पण घाईने आत कुणी उडी घेत नसे. आधी दोरीला बांधून दिवा खाली सोडायचा. तो विझला, तर माणसाने वरच थांबायचं.