जमिनीची व घराची सरकारी नोंद : कुठे पाहावी, कशी मागावी

आपल्या समाजातील पुष्कळशी कुटुंबे आता शिकली-सवरली आहेत. घरात एखादा शिक्षक असतो, एखादी परिचारिका असते, मुले महाविद्यालयात जातात. तरीही वडिलोपार्जित दोन-तीन एकर शेताचा सातबारा कुणाच्या नावाने आहे, असे विचारले तर बहुतेक ठिकाणी "थोरल्या भावाले माहीत असन" असेच उत्तर मिळते. बँकेत कर्जाचे कागद तपासण्याचे काम करीत असताना हा अनुभव मला वारंवार येतो. वडील वारून पंधरा-वीस वर्षे झालेली असतात, परंतु उताऱ्यावर अजून त्यांचेच नाव असते. किंवा तीन भावांपैकी एकाचेच नाव लागलेले असते आणि आईचे व बहिणींचे नाव कुठेच नसते. मग पीककर्ज अडते, गारपिटीने संत्र्याचा बहार गेला तर अनुदान अडते, आणि एखाद्या प्रकल्पात जमीन गेली तर मोबदला ज्याचे नाव असेल त्याच्याच हाती पडतो. सदर लेखाचा हेतू एवढाच की, कोणती नोंद कोणत्या कचेरीत असते व ती कशी मागावी, हे समाजबांधवांना आणि विशेषतः विद्यार्थ्यांना कळावे.

नोंद पाहण्याचा हक्क

पहिली गोष्ट लक्षात घ्यावी ती ही की, सरकारी दप्तर हे कुणाच्या मेहेरबानीने दाखवायचे दप्तर नव्हे. महसुली नोंदी या सार्वजनिक दस्तऐवज आहेत. ठरलेली फी भरून त्यांची प्रमाणित नक्कल मागता येते, ही तरतूद १८७२ च्या पुरावा कायद्यात होती आणि १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय साक्ष्य अधिनियमातही ती आहे. तेव्हा कचेरीत जाताना ओळखीचा माणूस शोधण्यापेक्षा लेखी अर्ज व आपल्या गट क्रमांकाची टिपण सोबत न्यावी.

तलाठ्याचे दप्तर

महाराष्ट्र जमीन महसूल संहिता १९६६ ची असून ती १५ ऑगस्ट १९६७ पासून अमलात आली. गावाच्या दप्तराचे जे निरनिराळे नमुने तलाठी ठेवतात (या पदाला आता ग्राम महसूल अधिकारी असे नाव दिले आहे), त्यांपैकी चार तरी प्रत्येकाने ओळखावे.

नमुना ७ म्हणजे अधिकार अभिलेख. त्यात जमीन कुणाची, किती व कोणत्या प्रकारची हे असते. नमुना १२ मध्ये पिकांची नोंद असते. हे दोन्ही एकाच कागदावर येतात म्हणून त्यास सातबारा म्हणतात. नमुना ८-अ म्हणजे एका खातेदाराची त्या गावातील सर्व जमीन एकत्र दाखविणारा उतारा. आणि नमुना ६ म्हणजे फेरफार नोंदवही. सातबारावर नाव कसे चढले व कसे उतरले याची हकीकत तिच्यात असते.

सातबारा वाचताना तीन जागा नीट पाहाव्या. एक, भोगवटादार वर्ग. वर्ग-१ ची जमीन धारकास साधारणपणे मोकळेपणाने विकता येते. वर्ग-२ ची जमीन सक्षम अधिकाऱ्याच्या परवानगीशिवाय हस्तांतरित करता येत नाही. शासनाने भूमिहीनांना वाटलेल्या जमिनी बहुधा या दुसऱ्या वर्गात असतात. कर्मवीर दादासाहेब गायकवाड यांच्या नेतृत्वाखाली १९६४-६५ साली भूमिहीनांचा जो सत्याग्रह झाला, त्यात हजारो माणसे तुरुंगात गेली ती पडीक जमीन कसणाऱ्याला मिळावी म्हणून. अशा लढ्यांतून मिळालेली जमीन परवानगीवाचून कुणाच्या घशात गेली, तर तो व्यवहार कायद्याने टिकत नाही, हे वारसांना ठाऊक असले पाहिजे.

दुसरी जागा म्हणजे 'इतर हक्क'. बँकेचा किंवा सोसायटीचा बोजा येथे असतो. कर्ज फिटले म्हणजे बोजा आपोआप गेला, असा समज सर्रास आढळतो. तसे नाही. बँकेचा बेबाकी दाखला घेऊन तो तलाठ्याकडे द्यावा व बोजा कमी झाल्याचा फेरफार मंजूर झाला की नवा उतारा काढून खात्री करावी.

तिसरी जागा म्हणजे नावापुढची अक्षरे. जुन्या उताऱ्यांवर 'ए.कु.मॅ.' असे दिसते. त्याचा अर्थ एकत्र कुटुंबाचा मॅनेजर. म्हणजे नाव थोरल्याचे असले तरी जमीन साऱ्या भावंडांची. उतारे नव्याने लिहिताना ही तीन अक्षरे कधी कधी गळतात आणि मॅनेजर हाच एकटा मालक दिसू लागतो. अशा वेळी जुना उतारा हाती असणे फार मोलाचे ठरते. 'अ.पा.क.' म्हणजे अज्ञान पालनकर्ता. वारस लहान असताना पालक म्हणून लागलेले ते नाव असते. 'वल्द' म्हणजे अमक्याचा मुलगा, 'जौजे' म्हणजे पत्नी आणि 'बेवा' म्हणजे विधवा.

आपल्या वरूड भागात आणखी एक बाब महत्त्वाची आहे. संत्र्याची झाडे व विहीर यांची नोंद सातबारावर आहे की नाही ते पाहावे. बाग उभी असून कागदावर पडीक लिहिले असेल, तर नुकसानभरपाईच्या वेळी कागदच खरा मानला जातो. २०२१ पासून ई-पीक पाहणीमुळे शेतकऱ्याला आपल्या पिकाची नोंद मोबाईलवरून स्वतः करता येते. ती दर हंगामात करावी.

वारसांचा फेरफार

खातेदार वारल्यावर तीन महिन्यांच्या आत वारसांनी कळवावे, अशी संहितेची अपेक्षा आहे. मृत्यूचा दाखला, वारसांचे प्रतिज्ञापत्र व उतारा यांसह अर्ज द्यावा. त्यानंतर सर्व हितसंबंधितांना नोटीस जाते, हरकतीसाठी १५ दिवसांची मुदत असते आणि हरकत नसल्यास मंडळ अधिकारी नोंद प्रमाणित करतात. नोंद चुकीची वाटल्यास ६० दिवसांच्या आत उपविभागीय अधिकाऱ्यांकडे अपील करता येते. वरूड तालुक्यासाठी ही कचेरी मोर्शी येथे आहे.

येथे भगिनींविषयी स्पष्ट लिहिणे अगत्याचे आहे. १९५६ चा हिंदू उत्तराधिकार कायदा वारसाहक्काच्या बाबतीत बौद्धांनाही लागू आहे. त्यात ९ सप्टेंबर २००५ पासून दुरुस्ती होऊन वडिलोपार्जित मालमत्तेत मुलीला मुलाइतकाच हक्क मिळाला. आणि त्या तारखेस वडील हयात असलेच पाहिजेत असे नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने २०२० साली विनीता शर्मा खटल्यात ठरविले. म्हणून वारसांच्या यादीत बहिणीचे नाव लिहायचे नाही, हा प्रघात कायद्याला धरून नाही. बहिणीला स्वखुशीने हक्क सोडायचा असेल, तर नोंदणीकृत हक्कसोडपत्र हवे; तोंडी बोलणे किंवा साधा स्टँप पेपर चालत नाही. ज्या समाजाने समतेचे मूल्य स्वीकारले आहे, त्याच्या सातबारावरही ते दिसावे.

दुय्यम निबंधक, भूमि अभिलेख आणि नगर परिषद

सातबारा हा मालकीचा अखेरचा पुरावा नव्हे. विरुद्ध सिद्ध होईपर्यंत त्यातील नोंद खरी मानावी, एवढेच कायदा म्हणतो. शेत किंवा प्लॉट विकत घ्यायचा असेल, तर दुय्यम निबंधक कार्यालयात शोध घेतलाच पाहिजे. १९०८ च्या नोंदणी कायद्याप्रमाणे १०० रुपये व त्याहून अधिक किमतीच्या स्थावर मालमत्तेचे खरेदीखत नोंदविणे सक्तीचे आहे. तेथील पुस्तक क्रमांक १ आणि त्याच्या सूची, ज्यास आपण इंडेक्स टू म्हणतो, फी भरून कुणालाही पाहता येतात. मृत्युपत्रांचे पुस्तक मात्र सर्वांस खुले नसते. घरासाठी कर्ज देताना बँक वकिलामार्फत ३० वर्षांपर्यंतचा शोध घेते तो याच कार्यालयातून. बँक स्वतःच्या पैशासाठी एवढी खबरदारी घेते, तर आयुष्याची पुंजी घालणाऱ्याने ती का घेऊ नये?

मोजणी, नकाशा व हद्द यांचे काम भूमि अभिलेख खात्याच्या उप अधीक्षक कार्यालयात चालते. धुऱ्याचा तंटा असेल तर तलाठ्याशी वाद घालून उपयोग नाही. मोजणीचा अर्ज येथे द्यावा लागतो. शहरातील भूमापन झालेल्या जागेची आखीव पत्रिका, म्हणजेच मिळकत पत्रिका, येथेच मिळते. नगर परिषदेची कर आकारणीची नोंद किंवा ग्रामपंचायतीचा नमुना ८ हा कराचा कागद आहे. केवळ घरटॅक्सची पावती दाखवून जागेची मालकी सिद्ध होत नाही. गावठाणातील घरांसाठी २०२० साली केंद्राची स्वामित्व योजना सुरू झाली. तिच्यात ड्रोनने मोजणी करून मिळकत पत्रिका देण्यात येतात. आपल्या गावी मोजणी होईल तेव्हा घरच्या जाणत्या माणसाने हजर राहून सर्व सहधारकांची नावे सांगावी.

जुने दप्तर आणि विद्यार्थी

वऱ्हाड १८५३ साली निजामाकडून इंग्रजांच्या ताब्यात आला व पुढे येथे मुंबई इलाख्याच्या धर्तीवर रयतवारी मोजणी झाली. नागपूरकडे मालगुजारी होती, तशी ती येथे नव्हती. त्यामुळे शेतवार नोंदींची परंपरा आपल्याकडे जुनी आहे. वरूड पूर्वी मोर्शी तालुक्यात मोडत असे. म्हणून एखादा जुना कागद वरूड तहसिलीत सापडला नाही, तर तो नाहीच असे समजू नये. मोर्शी तहसिलीच्या व अमरावती जिल्हा कचेरीच्या अभिलेख कक्षातही अर्ज करून पाहावा. काही जुने कागद मोडीत असतात. ते वाचणारा जाणकार शोधून त्यांचे लिप्यंतर करून घ्यावे.

विद्यार्थी मित्रांनी हे विशेष ध्यानात घ्यावे. जात पडताळणीसाठी अनुसूचित जातीच्या अर्जदारास १० ऑगस्ट १९५० पूर्वीचा पुरावा विचारला जातो. आपल्या आई-वडिलांच्या दाखल्यावर 'बौद्ध' असते, तर पणजोबांच्या नोंदीत १९५६ च्या धम्मदीक्षेपूर्वीची जात असते. या दोन कागदांना जोडणारी वंशावळ व तिचे पुरावे आपणासच गोळा करावे लागतात. त्यासाठी तीन ठिकाणे आहेत : तहसिलीतील कोतवाल बुकाची नक्कल, ज्यात गावातील जन्म-मृत्यूच्या नोंदी असतात, प्राथमिक शाळेचे दाखल-खारीज रजिस्टर, आणि जुने फेरफार. कोतवाल बुकात पुष्कळदा बाळाचे नाव नसते, फक्त बापाचे नाव, जात व तारीख असते. तेव्हा अर्जात वर्ष व गाव अचूक लिहिले तरच नोंद सापडते. बारावीचा निकाल लागल्यावर धावपळ करण्यापेक्षा दहावीनंतरच्या सुट्टीत हे काम हाती घ्यावे.

संगणकावर आणि माहितीच्या अधिकारात

महाभूलेख या संकेतस्थळावर सातबारा व ८-अ विनामूल्य पाहता येतो. मात्र कामासाठी डिजिटल सहीचा उतारा लागतो व तो १५ रुपयांत मिळतो. 'आपले अभिलेख' येथे स्कॅन केलेले जुने उतारे व फेरफार पाहावयास मिळतात. 'ई-हक्क' मधून वारस नोंदीचा व बोजा कमी करण्याचा अर्ज घरून देता येतो, आणि नोंदणी विभागाच्या ई-सर्चमध्ये खरेदीखते शोधता येतात.

एवढे करूनही कागद मिळाला नाही, तर २००५ चा माहितीचा अधिकार आहे. साध्या कागदावर अर्ज लिहून १० रुपयांचे कोर्ट फी स्टँप लावावे. दारिद्र्यरेषेखालील अर्जदारास फी नाही. उत्तरासाठी ३० दिवसांची मुदत असते. उत्तर न आल्यास त्याच कार्यालयातील वरिष्ठांकडे प्रथम अपील आणि त्यानंतर राज्य माहिती आयोगाच्या अमरावती खंडपीठाकडे द्वितीय अपील करता येते. "सर्व माहिती द्यावी" असे मोघम लिहू नये. गाव, गट क्रमांक, वर्ष व कागदाचे नाव लिहावे. अर्जाच्या दुसऱ्या प्रतीवर आवक क्रमांक व शिक्का घेतल्याशिवाय कचेरीतून निघू नये.

शेवटी एक सूचना करावीशी वाटते. प्रत्येक घरात एक फाईल असावी. तीत चालू सातबारा, ८-अ, सर्व फेरफारांच्या नकला, खरेदीखत, कराच्या पावत्या, घरातील मृत्यूंचे दाखले व हाताने लिहिलेली वंशावळ ठेवावी. दरवर्षी एकदा नवा उतारा काढून जुन्याशी ताडून पाहावा. हे काम घरातील शिकत्या मुलाने किंवा मुलीने करावे आणि आजोबा-आजी हयात आहेत तोवर त्यांना विचारून करावे. कारण कोणत्या शेताचा कोणता धुरा, कोणत्या आत्याचे कोणते सासर, आणि कागदावर 'लक्ष्मण' असलेला माणूस गावात कोणत्या नावाने ओळखला जाई, हे सांगणारी माणसे दप्तरात सापडत नाहीत.