वाट पाहायची, पण कोणासाठी?

ऑक्टोबर 2019 मध्ये वरळीच्या एनएससीआय डोममध्ये एनबीएचे, म्हणजे अमेरिकेतल्या व्यावसायिक बास्केटबॉल लीगचे, भारतातले पहिले दोन सामने झाले. सॅक्रामेंटो किंग्ज आणि इंडियाना पेसर्स हे संघ हंगामापूर्वीचे सराव सामने खेळायला आले होते. किंग्जच्या मालकगटाचे प्रमुख विवेक रणदिवे हे मूळचे मुंबईचे, त्यामुळे या दौऱ्याला इथे विशेष महत्त्व होते. दोन्ही सामने पेसर्सनी जिंकले. पण सराव सामन्यांचे निकाल फार काळ कोणी लक्षात ठेवत नाही. लक्षात ठेवावा असा व्यवहार या दोन संघांत पुढे 8 फेब्रुवारी 2022 रोजी झाला. किंग्जनी टायरीस हॅलिबर्टन हा अजून बावीसही पूर्ण न झालेला पॉइंट गार्ड पेसर्सला देऊन टाकला आणि बदल्यात पंचविशीतला, दोनदा ऑल-स्टार ठरलेला डोमँटास सबोनिस घेतला. सोबत आणखी काही खेळाडूंची अदलाबदल झाली, पण सौद्याचा गाभा हाच. किंग्जना लवकरात लवकर प्लेऑफ (अजिंक्यपदासाठीची बाद फेरी) गाठायचे होते, पेसर्सना संघ नव्याने बांधायचा होता. अमेरिकेतले बास्केटबॉलचे चाहते ज्या प्रश्नावर वर्षानुवर्षे हमरीतुमरीवर येतात, त्याची दोन परस्परविरोधी उत्तरे या एकाच व्यवहारात दिसली.

प्रश्न असा: संघ मध्यम ताकदीचा असेल, तर त्याने अनुभवी खेळाडू आणून यंदाच प्लेऑफसाठी झुंजावे, की आजचे पराभव पत्करून तरुणांना घडू द्यावे? हा पेच नीट कळण्यासाठी लीगची रचना माहीत हवी. एनबीएत 30 संघ आहेत आणि ते दोन गटांत, म्हणजे कॉन्फरन्समध्ये, विभागलेले आहेत. प्रत्येक संघ 82 सामने खेळतो आणि त्यातून 16 संघ प्लेऑफमध्ये जातात. 2021 पासून प्रत्येक कॉन्फरन्समधल्या सातव्या ते दहाव्या क्रमांकांवरच्या संघांना शेवटच्या जागांसाठी आपसात ‘प्ले-इन’ सामने खेळावे लागतात. युरोपातल्या फुटबॉल लीगप्रमाणे इथे तळाच्या संघाची खालच्या श्रेणीत घसरण होत नाही, आणि आयपीएलसारखा सर्वांना सारखी थैली देणारा लिलावही नसतो. नवे खेळाडू येतात ते ‘ड्राफ्ट’मधून. दरवर्षी संघ पाळीपाळीने नवोदितांची निवड करतात आणि आधी निवडण्याचा मान ढोबळमानाने हरणाऱ्यांना मिळतो. पहिल्या फेरीत निवडलेल्या खेळाडूचा करार चार वर्षांपर्यंतचा असतो, त्याची रक्कम बरीचशी ठरलेली असते आणि शेवटची दोन वर्षे संघाच्या मर्जीवर असतात. पगारांवर एकूण मर्यादा असलेल्या या लीगमध्ये गुणी पोरगा चार वर्षे कमी पैशांत मिळणे ही मोठीच मिळकत. थोडक्यात, इथे हरण्याला शिक्षा नाही, उलट बक्षीस आहे. मधल्या क्रमांकावर लोंबकळणाऱ्याच्या हाती मात्र काही लागत नाही. म्हणूनच ‘एकदाचे तळाला जाऊ आणि पुन्हा वर येऊ’ असे म्हणणारा चाहत्यांचा एक मोठा पंथ तयार झाला.

या पंथाचे निदान बरोबर आहे, औषध मात्र चुकीचे आहे. अव्वल खेळाडूशिवाय अजिंक्यपद मिळत नाही हे खरे. पण मुद्दाम हरून तो मिळतो असे इतिहास सांगत नाही. 1984 मध्ये ह्यूस्टन रॉकेट्स जाणूनबुजून हरत असल्याचा संशय घेतला गेला आणि पुढच्याच वर्षी, 1985 मध्ये, लीगने ड्राफ्टमधला निवडीचा क्रम ठरवण्यासाठी लॉटरी, म्हणजे सोडत, आणली. तरीही बराच काळ सर्वांत वाईट संघाला पहिल्या निवडीची 25 टक्के संधी मिळत असे. 2019 मध्ये ती 14 टक्क्यांवर आली आणि तळाच्या तिन्ही संघांना समान झाली. शिवाय सर्वांत वाईट संघ पाचव्या क्रमांकापर्यंत घसरू शकेल अशी तरतूद झाली. ही तरतूद नुसती कागदावर राहिलेली नाही. 2023 आणि 2024 मध्ये डेट्रॉइट पिस्टन्स आणि 2025 मध्ये युटा जॅझ हे लीगमधले सर्वांत वाईट संघ होते, आणि तिन्ही वेळा त्यांच्या वाट्याला पाचवा क्रमांकच आला. 2025 ची लॉटरी डॅलस मॅव्हरिक्सनी जिंकली, त्यांची संधी होती फक्त 1.8 टक्के. पुन्हा, वरचा क्रमांक मिळाला म्हणून खेळाडू अव्वल निघेलच असेही नाही. 2019 ते 2025 या सात हंगामांत सर्वोत्तम खेळाडूचा किताब चार जणांनी वाटून घेतला. त्यांतला यानिस अँटेटोकोम्पो ड्राफ्टमध्ये 15 वा निवडला गेला होता, निकोला योकिच 41 वा, शे गिल्जस-अलेक्झांडर 11 वा. पहिल्या तिनांतला एकटा जोएल एम्बीड.

एम्बीडचे नाव आले की फिलाडेल्फिया सेव्हन्टीसिक्सर्सचा विषय येतोच, कारण ठरवून हरण्याचा सर्वांत निर्धाराने केलेला प्रयोग त्यांचाच. सॅम हिंकी या व्यवस्थापकाच्या कारकिर्दीत 2013 ते 2016 या तीन हंगामांत त्यांनी 246 पैकी अवघे 47 सामने जिंकले. त्याचे फळ म्हणून 2014 ते 2017 या चार ड्राफ्टमध्ये त्यांना दोनदा पहिल्या आणि दोनदा तिसऱ्या क्रमांकाचा खेळाडू निवडता आला. एवढे पीक हाती येऊनही 2001 नंतर 2025 पर्यंत हा संघ एकदाही कॉन्फरन्सच्या अंतिम फेरीत पोहोचला नाही. एम्बीड महान निघाला, पण त्याची दुखापतींशी झुंज सुरूच राहिली. तिसऱ्या क्रमांकाचा ओकाफोर आणि पहिल्या क्रमांकाचा फुल्ट्झ तिथे टिकलेच नाहीत. पराभवांच्या वातावरणात वाढणाऱ्या तरुणाला खेळायला वेळ मिळतो, पण चौथ्या क्वार्टरमध्ये सामना कसा सांभाळायचा हे दाखवणारा वडीलधारा शेजारी नसतो. डेट्रॉइटचेच पाहा. 2023-24 मध्ये त्यांनी लागोपाठ 28 सामने गमावले आणि हंगामात फक्त 14 जिंकले. पुढच्या वर्षी तेच तरुण कायम ठेवून नवा प्रशिक्षक आणि टोबायस हॅरिससारखे काही मुरलेले खेळाडू आणले, आणि संघ 44 सामने जिंकून प्लेऑफमध्ये गेला. त्या तरुणांतला प्रमुख खेळाडू केड कनिंगहॅम आधीही तिथेच होता. त्याच्या भोवतीची माणसे बदलली आणि संघ बदलला.

मग दुसरा पंथ बरोबर म्हणायचा का? हातचे सोडून पळत्याच्या पाठी लागू नये, असे प्लेऑफवाले म्हणतात. उद्या कोणी पाहिला आहे, आज आठवा क्रमांक मिळत असेल तर तो घ्यावा, एकदा आत गेल्यावर काहीही घडू शकते, हा त्यांचा युक्तिवाद. पण असा पाठलाग फुकट होत नाही. त्याची किंमत बहुतेक वेळा पुढच्या वर्षांच्या निवडहक्कांत मोजली जाते. 2013 मध्ये ब्रुकलिन नेट्सनी पस्तिशी गाठलेले केव्हिन गार्नेट आणि पॉल पिअर्स बॉस्टन सेल्टिक्सकडून घेतले आणि बदल्यात आपल्या अनेक वर्षांच्या पहिल्या फेरीच्या निवडी देऊन टाकल्या. ब्रुकलिनला त्यातून प्लेऑफची एक फेरी जिंकता आली. बॉस्टनला त्याच निवडींच्या जोरावर जेलन ब्राउन आणि जेसन टेटम मिळाले, आणि 2024 मध्ये या दोघांनी त्यांना अजिंक्यपद मिळवून दिले. शिकागो बुल्सनी मार्च 2021 मध्ये तिशीतल्या निकोला वुचेविचसाठी ऑर्लँडोला एक तरुण सेंटर आणि पहिल्या फेरीच्या दोन निवडी दिल्या. 2022 मध्ये बुल्स पहिल्याच फेरीत बाद झाले आणि 2023 ते 2025 अशी सलग तीन वर्षे प्ले-इनमध्येच मायामीकडून हरले. त्यांनी दिलेल्या एका निवडीतून ऑर्लँडोने फ्रान्झ वॅग्नर घेतला. पळत्याच्या पाठी नेमके कोण लागले होते, हे अशा वेळी उमगते.

आता पुन्हा किंग्ज आणि पेसर्सकडे येऊ. किंग्जनी घेतलेला सबोनिस अपयशी ठरला असता तर हा सौदा निव्वळ फसवणूक म्हणून निकालात काढता आला असता. पण तसे झाले नाही, म्हणूनच हे उदाहरण बोलके आहे. सबोनिसने 2022-23 पासून सलग तीन हंगाम लीगमध्ये सर्वाधिक सरासरीने रिबाउंड घेतले. 2023 मध्ये किंग्ज 48 सामने जिंकून आपल्या कॉन्फरन्समध्ये तिसरे आले आणि 2006 नंतर पहिल्यांदा प्लेऑफ खेळले. त्याआधीची सलग 16 वर्षे त्यांना ते जमले नव्हते. एनबीएच्या इतिहासात इतका मोठा दुष्काळ दुसऱ्या कोणत्याही संघाच्या वाट्याला आलेला नव्हता. तरी पहिल्याच फेरीत, मालिकेच्या सातव्या आणि निर्णायक सामन्यात, प्रतिस्पर्धी संघाच्या स्टेफन करीने 50 गुण करून त्यांना घरी पाठवले. पुढच्या वर्षी 46 विजय मिळूनही प्ले-इनमध्येच खेळ संपला, त्याच्या पुढच्या वर्षी 40 विजय आणि पुन्हा प्ले-इनमध्ये पराभव. डिसेंबर 2024 मध्ये प्रशिक्षक गेला, फेब्रुवारी 2025 मध्ये संघाचा चेहरा असलेला डिआरन फॉक्सही गेला. सबोनिसने आपले काम चोख केले आणि तरीही संघाची मजल एवढीच राहिली.

पेसर्सनी मात्र काय केले हे बारकाईने पाहायला हवे, कारण ते ‘तळाला जाऊ’वाल्यांच्या पठडीत बसत नाहीत. 2021-22 मध्ये त्यांचे 25 विजय झाले आणि त्यातून मिळालेल्या सहाव्या निवडीवर बेनेडिक्ट मॅथुरिन आला. 1988 नंतर इतक्या वरची निवड त्यांच्या वाट्याला आली नव्हती, यावरूनच हरण्याची त्यांना किती नावड होती ते कळते. पुढच्या वर्षी 35 विजय, मग 47, मग 50. प्रशिक्षक रिक कार्लाइल यांनी हॅलिबर्टनच्या वेगाला आणि पासिंगला साजेसा संपूर्ण खेळ रचला. तो सिद्ध झाल्यावर, जानेवारी 2024 मध्ये, पेसर्सनी पहिल्या फेरीच्या तीन निवडी देऊन 29 वर्षांचा पास्कल सियाकम आणला. म्हणजे तेही शेवटी पाठलागालाच लागले, पण पाठलाग ज्याच्यासाठी करायचा तो माणूस हाती आल्यावर. 2024 मध्ये ते कॉन्फरन्सच्या अंतिम फेरीत गेले, 2025 मध्ये लीगच्या अंतिम मालिकेत सातव्या सामन्यापर्यंत लढले. तरुणांवर बांधणी आणि प्लेऑफची ओढ यांत वैर नाही. आधी काय आणि नंतर काय, हा क्रम चुकला की दोन्ही फसतात.

यावर सॅक्रामेंटोच्या चाहत्याचा आक्षेप सरळ आहे: 16 वर्षे वाट पाहिलेल्याला आणखी थांबा म्हणणारे तुम्ही कोण? प्रत्येक विजयानंतर स्टेडियमवरून आकाशात जांभळा प्रकाशझोत सोडला जाई आणि लोक आनंदाने ओरडत. तो आनंद खोटा नव्हता. हे मान्य करायलाच हवे. छोट्या शहरातल्या संघाला रिकाम्या खुर्च्या परवडत नाहीत, आणि अजिंक्यपद नाही म्हणून हंगाम वाया गेला असेही नसते. पण तेव्हा निवड ‘आनंद की प्रतीक्षा’ अशी नव्हती. हॅलिबर्टन हा केव्हातरी येणारा अनोळखी मुलगा नव्हता. 2020 च्या ड्राफ्टमध्ये 12 वा निवडला गेलेला, दीड हंगाम डोळ्यांसमोर उत्तम खेळलेला खेळाडू होता. किंग्जच्या दृष्टीने हातचे होते ते तोच. फॉक्स आणि हॅलिबर्टन हे दोघेही पॉइंट गार्ड, एका संघात दोघे मावणार नव्हते, असेही म्हटले जाते. तसे असेल तर दोघांपैकी वयाने मोठा कोण आणि वाढीला वाव कोणाला, हे तरी पाहायला हवे होते. नाहीतरी तीन वर्षांनी फॉक्सही गेलाच.

उलट बाजूने ओक्लाहोमा सिटी थंडरचा दाखला दिला जातो. 2020-21 मध्ये 22 आणि 2021-22 मध्ये 24 सामने जिंकणारा हा संघ 2025 मध्ये 68 विजयांसह अजिंक्य झाला. मग हरणे फळले नाही का? थोडे फळले. चेट होल्मग्रेन हा दुसऱ्या क्रमांकाचा खेळाडू त्या पराभवांतूनच आला. पण संघाचा कणा असलेला गिल्जस-अलेक्झांडर 2019 मध्ये पॉल जॉर्जच्या बदल्यात क्लिपर्सकडून आलेला, आणि 2022 मध्ये 12 वा निवडलेला जेलन विल्यम्सही त्याच सौद्यातल्या निवडीवर घेतलेला. हरून मिळवलेला सहाव्या क्रमांकाचा जॉश गिडी तर थंडरने 2024 मध्ये अनुभवी अलेक्स करूसोसाठी देऊन टाकला. दुखापतीचा आक्षेप उरतोच: 2025 च्या त्या सातव्या सामन्यात हॅलिबर्टनच्या टाचेमागचा स्नायुबंध तुटला आणि पेसर्सचा डाव तिथेच विस्कटला. पण दुखापत वय पाहून येत नाही, आणि पंचविशीतला खेळाडू सावरण्याची शक्यता पस्तिशीतल्यापेक्षा कितीतरी जास्त असते.

म्हणून आपला आवडता संघ या पेचात सापडला, तर चाहत्याने व्यवस्थापनाला ‘हरणार की जिंकणार’ हे विचारण्यात अर्थ नाही. ‘ज्याच्यासाठी थांबायचे त्या खेळाडूचे नाव सांगा’ असे विचारावे. नाव सांगता आले आणि तो आधीच मैदानात दिसत असेल, तर दोन-तीन हंगाम धीर धरावा आणि त्याच्या सोबतीला जिंकायला शिकवणारे मुरलेले खेळाडू मागावेत. नाव सांगता येत नसेल, तर लॉटरीच्या 14 टक्क्यांच्या भरवशावर हरत राहण्यापेक्षा प्लेऑफसाठी झुंजणे केव्हाही बरे. फक्त त्या झुंजीची किंमत म्हणून संघातला सर्वांत होतकरू तरुण देऊ नये. किंग्जचे ध्येय चुकले नव्हते, मोजलेली किंमत चुकली.